आधी शिकण्याचा मान

कायदे करणाऱ्या मंडळींविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्र शाळेच्या भोजनगृहाविषयी कायदा करताना त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही, ही गोष्ट मी विसरणार नाही, आणि माझ्या घरात कोणाला विसरूही देणार नाही.

कायदा असा होता. शाळेच्या भोजनगृहातील स्वयंपाकघरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने, मग ती भांडी घासणारी असो की प्रमुख असो, मान्यताप्राप्त केंद्रात एक दिवसाचे प्रशिक्षण घेतलेच पाहिजे. ज्याच्यापाशी प्रमाणपत्र नाही, त्याने दारातील पिवळी रेघ ओलांडायची नाही. ही रेघ सुटीत खात्याचा रंगारी येऊन ओढून गेला, आणि तीही वाकडी. ती वाकडी असल्याचे मी त्याला तेथल्या तेथे सांगितले. तो म्हणाला, "बाई, सरळ रेघेचं प्रशिक्षण अजून निघालं नाही."

आमच्या शाळेच्या भोजनगृहाची प्रमुख मी. ज्या मुलांना मी वाढले, त्यांची मुले आता ताट घेऊन माझ्यासमोर रांगेत उभी राहतात आणि बापासारखीच भाजीकडे पाहून नाक मुरडतात. अशा बाईला स्वयंपाकघरात कसे वागावे हे कोणी शिकवायचे? पण मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले आणि खिडकीकडे पाहत सांगितले, "प्रमुखांचंच प्रमाणपत्र नसेल, तर भोजनगृह उघडता येणार नाही. तोवर मुलांना ठेकेदाराची पाकिटं द्यावी लागतील."

"पाकिटात काय असतं?"

"बिस्किटं."

"आणि?"

"आणखी बिस्किटं."

मी असताना माझ्या मुलांनी दुपारी कोरडी बिस्किटे चावायची! मी तेथेच ठरवले, की शाळा उघडेल त्या सोमवारी त्या वाकड्या रेघेपलीकडे मी उभी असेन, आणि माझ्या हातात डाव असेल. सरकारी प्रशिक्षण केंद्र मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होते आणि तेथे नंबर लागायला दिवाणी दाव्याइतका वेळ होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कारकून राहतात. सारी इमारत त्यांना कलमकाका म्हणते, कारण नळाला पाणी नाही हेसुद्धा ते कलमाचा आधार दिल्याशिवाय सांगत नाहीत. ते चष्मा पुसत खाली आले. "वहिनी, कायद्यात सोय आहे. जागा योग्य असेल तर केंद्र कोणालाही काढता येतं. घरातसुद्धा. व्याख्यानांची चित्रफीत खातं पाठवतं. आपण फक्त ती दाखवायची, हातकाम करून घ्यायचं, आणि सही करायची."

"एवढंच?"

"एवढंच," असे ते म्हणाले. आयुष्यातील यच्चयावत संकटे या एका शब्दातून आत शिरतात, असा माझा अनुभव आहे.

योग्य जागा म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी समजले. खोलीला बाहेर जाण्याचे दोन मार्ग हवेत. आमच्या बैठकीच्या खोलीचा दुसरा मार्ग गच्चीकडे जातो, पण त्याच्यासमोर सासूबाईंच्या वेळचे कपाट उभे आहे. ते हलवायला चौघे लागले आणि ते हलवल्यावर मागची भिंत वेगळ्याच रंगाची निघाली. भिंत रंगवायची तर उरलेल्या तीन भिंती काय पाप करून आल्या होत्या? त्यात समोरच्या वहिनी रोज येऊन उंबऱ्यात उभ्या राहत. "कपाट हलवलंत? माझ्या मावसबहिणीनं हलवलं होतं. नंतर तिच्याकडे सहा महिने दार लागत नव्हतं." त्यांच्या या मावसबहिणीच्या घरी आजवर एकही काम सुरळीत झालेले नाही, आणि तरी ती बाई काम काढायची थांबत नाही, याचे मला मनातून कौतुक वाटते.

मग आला नळ. हात न लावता, पायाने दाबून सुरू होणारा नळ केंद्रात असणे सक्तीचे होते. प्लंबरने खोलीच्या कोपऱ्यात बेसिन बसवले, आणि पायाने दाबायची पट्टी, पाइप तेवढाच होता म्हणून, थेट आमच्या यजमानांच्या आरामखुर्चीपाशी आणून ठेवली. आमचे यजमान वर्तमानपत्र वाचताना अग्रलेखापाशी पाय ताणतात. त्यामुळे रोज सकाळी अग्रलेख आला की नळ सुरू होई.

"अहो, पाय आवरा!"

"अगं, पण लेखच तसा आहे."

शेवटी खुर्ची उचलून जिन्यात ठेवावी लागली, आणि तिच्याबरोबर यजमानही. त्यांनी तक्रार केली नाही. जिन्यात उजेड चांगला आहे, असे ते म्हणाले. आमचे चिरंजीव मात्र कचेरीतून आले, ताज्या पिवळ्या रेघेवरून घसरले, आणि "आई, हे घर आहे का विमानतळ?" असे विचारून बूट हातात घेऊन आत गेले. घरात रेघ मीच ओढून घेतली होती. ती सरळ होती.

निरीक्षक येण्याच्या आदल्या संध्याकाळी सूनबाई माझ्याजवळ आली. ती एका बँकेत काम करते, आवाज न चढवता बोलते, आणि त्यामुळे तिचे म्हणणे पुष्कळदा ऐकायचे राहून जाते. "आई, केंद्रप्रमुख म्हणून माझं नाव देऊ या का? म्हणजे मग तुम्हाला..."

"सूनबाई, या घराला प्रमुख एकच आहे. आणि ती अजून चालती-बोलती आहे."

"हो, पण आई, नियमात..."

"नियम मला कलमकाकांनी सांगितले आहेत."

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आला. हा गृहस्थ तरुण होता, नुकताच लग्न झालेला दिसत होता, आणि त्याला हसण्याचे प्रशिक्षण मिळालेले नव्हते. त्याने टेप लावून दारे मोजली, नळाच्या पट्टीवर पाय ठेवून पाहिला, पायमोजे भिजवून घेतले आणि मान हलवली. "केंद्रप्रमुख कोण?"

"मी!" त्याचे वाक्य संपायच्या आतच मी सांगितले. मागे सूनबाईने एक सुस्कारा सोडला. मला वाटले, अभिमानाने.

केंद्र सुरू झाले आणि, सांगायला हरकत नाही, गाजले. आधी माझ्या भोजनगृहातील बायका आल्या. मग खात्याने आसपासच्या शाळांना आमचा पत्ता कळवला, आणि रोज सकाळी जिन्यात रांग लागू लागली. यजमान खुर्चीत बसल्या बसल्या सांगत, "चपला डावीकडे, तक्रारी उजवीकडे." खात्याच्या चित्रफितीत एक बाई फार गोड आवाजात सांगे, की भाजी चिरण्यापूर्वी धुवावी. हे सांगायला कायदा लागतो? मी चित्रफीत थांबवून मूळ मुद्दा माझ्या शब्दांत सांगत असे. हातकामाच्या वेळी तर मी रांगेसमोरून फिरत एकेकीला हुकूम सोडी, "नखं! केस! अंगठ्या काढा, अंगठ्या!"

माझ्या स्वतःच्या बोटात अंगठी होती. ती लग्नात चढली ती चढलीच. आता आधी बोट की आधी अंगठी, हे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. ती कोणाला दिसली नाही. निदान तसे कोणी बोलले नाही.

सगळ्या उत्तीर्ण झाल्या. शेवटी मी स्वतःचे प्रमाणपत्र काढले, त्यावर माझी झोकदार सही केली आणि खात्याच्या शिक्क्यासाठी पाठवले. दोन दिवसांनी ते घेऊन निरीक्षक परत आला.

"हे चालणार नाही. केंद्रप्रमुखाला स्वतःच्या केंद्रात प्रशिक्षण घेता येत नाही. दुसऱ्या केंद्रात जावं लागेल."

मी सूनबाईकडे पाहिले. ती पडद्याची चुणी सारखी करत होती. कलमकाका जिन्यातूनच म्हणाले, "उपकलम चार! हे मात्र माझ्या नजरेतून सुटलं हो."

"दुसरं केंद्र कुठे आहे?" मी विचारले.

"जवळ एकच आहे," असे म्हणून निरीक्षकाने पत्ता सांगितला.

पत्ता ऐकताच पडद्याची चुणी सूनबाईच्या हातातून सुटली, कारण ते तिचे माहेर होते.

येथे आमच्या विहीणबाईंविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. दोनच सांगते. त्या पलीकडच्या शाळेच्या भोजनगृहाच्या प्रमुख आहेत, आणि भाजीत गाजर गोल कापतात. आमच्याकडे गाजर लांब कापतात. लांब गाजर ताटात शोभते, मुलाला हातात धरता येते, त्याला काही एक व्यक्तिमत्त्व असते. गोल गाजर म्हणजे शर्टाचे बटण. लग्नाच्या बोलणीत देण्याघेण्यावरून आमचा एक शब्द झाला नव्हता, पण जेवणाच्या बेतात गाजराचा विषय निघाला आणि लग्न मोडता मोडता राहिले. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी अतिशय सभ्यपणे वागतो. याहून कठोर शिक्षा दोन बायकांना देता येत नाही.

"त्यांचीही हीच अडचण आहे," निरीक्षक म्हणाला. "त्यांनीही केंद्रप्रमुख म्हणून स्वतःचंच नाव दिलं. त्यांना मी तुमचा पत्ता दिलाय."

"मग काय म्हणाल्या?"

"बराच वेळ काहीच म्हणाल्या नाहीत."

त्या दिवसातला हा मला झालेला पहिला आनंद.

पुढचा प्रश्न उघड होता. आधी कोणी जायचे? मी मुलाची आई. मी त्यांच्या दारी विद्यार्थिनी म्हणून जाऊन "बाई, मी हात धुतले" म्हणून पंजे दाखवायचे? मी सूनबाईकरवी निरोप पाठवला, की आमचे केंद्र त्यांच्यासाठी केव्हाही उघडे आहे. उलट निरोप आला, की त्यांचेही उघडे आहे, आणि त्यांच्याकडचा नळ खुर्चीखाली नाही. ही आतली बातमी तेथवर कशी गेली, याची मी चौकशी केली नाही. यजमान त्या वेळी फारच मन लावून वर्तमानपत्र वाचत होते.

मी दुसरा निरोप पाठवला. दुसरा परत आला. तिसऱ्या वेळी सूनबाईने पिशवी खाली ठेवली. "आई, मी दोन्हीकडच्या पोस्टमनचं काम सोडलं. तुमचं तुम्ही दोघी बघा. सोमवारी इकडच्या शाळेत बिस्किटं, तिकडच्या शाळेत बिस्किटं. ठेकेदार खूश."

आवाज तिने चढवला नव्हता. पण या खेपेस मी ऐकले.

गुरुवार उजाडला. शुक्रवार आणि शनिवार असे दोनच दिवस हाती होते आणि शिकायचे आम्ही दोघींनी होते. मी शाळेत एक फेरी मारली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पिवळ्या रेघेपलीकडे माझी कढई पालथी घालून ठेवलेली होती, आणि भिंतीला टांगलेला डाव खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने हलत होता. ठेकेदाराची खोकी व्हरांड्यात येऊन पडली होती. एका खोक्यावर हसऱ्या मुलाचे चित्र होते. ते मूल आमच्या शाळेतले नव्हते; आमच्या शाळेतले कोणी बिस्कीट पाहून असे हसले नसते.

घरी कोणाला काही न सांगता मी डोक्यावर प्रशिक्षणाची टोपी चढवली, एप्रन पिशवीत घातला आणि बस पकडली. अभिमान गिळायचा तर तो घरच्यांसमोर कशाला? विहीणबाईंच्या दाराशी पोहोचले, घंटा वाजवली. दार व्याह्यांनी उघडले.

"या, या विहीणबाई! पण ही तर तुमच्याकडेच गेली. टोपी घालून. घरात कुणाला सांगू नका म्हणाली."

मी आल्या पावली मागे फिरले. बसस्टॉपवर उभी राहिले, तर रस्त्याच्या पलीकडे, उलट दिशेच्या स्टॉपवर, एक बस थांबली आणि तीतून एक टोपी उतरली. टोपीखाली विहीणबाई होत्या. आमच्या घरी जाऊन, जिन्यातल्या यजमानांकडून मी निघून गेल्याचे ऐकून त्या परत आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिले. मधून एक पाण्याचा टँकर गेला, आणि तो जाईपर्यंत दोघींनाही काय बोलावे हे ठरवायला वेळ मिळाला.

त्या रस्ता ओलांडून आल्या. "तुम्ही कशाला त्रास घेतलात? मीच येत होते तुमच्याकडे शिकायला."

"छे, छे! तुम्ही कशाला? मी आले आहे ना. आधी मी शिकते."

"असं कसं? मी मुलीची आई. आधी मीच हाताखाली बसले पाहिजे."

"विहीणबाई, मी वयाने मोठी आहे. आधी शिकण्याचा मान माझा."

"मान कसला त्यात? तुम्ही उगाच मोठेपणा घेताय."

"मी घेते आहे? तुम्ही न सांगता माझ्या घरी गेलात!"

"तुम्ही नाही का माझ्या घरी आलात?"

स्टॉपवर दोन टोप्या एकमेकींना नम्रपणाने ढकलत आहेत, हे पाहायला रांग मोडून माणसे गोळा झाली. तेवढ्यात आलेल्या बसचा कंडक्टर पायरीवरून ओरडला, "आजी, कोणीतरी एक चढा!" आजी म्हणाला. दोघींपैकी कोणाला म्हणाला, हे आम्ही दोघींनीही विचारले नाही. शेवटी वयाच्या मुद्द्यावर मी जिंकले. आपल्या हाताने आपली मान सुरीखाली देऊन वर विजयाचा आनंद मानणारी बाई जगात दुसरी नसेल.

शुक्रवारी सकाळी मी विहीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत उभी होते. त्यांच्या व्याख्यानाविषयी मी काही बोलणार नाही. त्यांनीही चित्रफीत थांबवून स्वतःच सांगितले, आणि त्या गोड आवाजाच्या बाईविषयी त्यांचे मत माझ्या मताशी तंतोतंत जुळले. मग हातकाम आले.

"नखं," विहीणबाई म्हणाल्या. मी नखे दाखवली.

"केस." टोपीखाली एकही बट नव्हती.

"अंगठी."

"ती निघत नाही."

"बाकीच्यांना काय सांगत होतात तुम्ही?"

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्याकडे आलेल्या चारजणींच्या बहिणी तुमच्याकडे होत्या," त्या म्हणाल्या. "या इकडे."

त्यांनी माझा हात बेसिनखाली धरला. साबण लावला. मग तेल. मग दोऱ्याचे वेटोळे बोटाला घालून हळूहळू सोडवू लागल्या. मी ओरडणार नव्हते, आणि ओरडले नाही. फक्त त्यांच्या खांद्याला जरा घट्ट धरले. त्या खाली मान घालून, लहान मुलाच्या पायातला काटा काढावा तशा काम करत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "दुखलं तर सांगा हो. माझी काढताना मला कोणी विचारलं नव्हतं."

तेव्हा मी पाहिले. त्यांच्या बोटावर पांढरा पट्टा होता, आणि बोट अजून सुजलेले होते. माझ्याकडे यायचे म्हणून त्यांनी आपली अंगठी घरी एकट्यानेच काढली होती.

माझी अंगठी निघाली आणि टुणकन बेसिनमध्ये पडली. बोट इतके हलके झाले, की ते माझे आहे असे वाटेना. त्यानंतर विहीणबाईंनी माझ्यासमोर गाजरांची टोपली ठेवली आणि सुरी दिली.

"गोल," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"गोल लवकर शिजतात," त्या थोड्या हळू आवाजात म्हणाल्या. "मागच्या रांगेतल्या मुलांना थांबावं लागत नाही. म्हणून हो. दुसरं काही नाही."

मी गोल कापली. सगळी. एकही शब्द न बोलता, आणि माझ्या घरच्या लोकांना हे खरे वाटत नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा जिन्यात यजमानांशेजारी व्याही आपली खुर्ची घेऊन बसले होते. घरात जागा उरलेली नाही, या एका मुद्द्यावर दोघांची गट्टी जमली होती. यजमानांनी माझ्या बोटाकडे पाहिले. "अंगठी काढलीस? लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी मापाला मागितली होती, तर 'माझ्या जिवात जीव आहे तोवर निघायची नाही' म्हणाली होतीस."

"विहीणबाईंनी काढली."

"धन्य आहे," ते व्याह्यांकडे वळून म्हणाले. "असं माणूस आमच्या घरात आधीच हवं होतं."

शनिवारी विहीणबाई आमच्याकडे शिकल्या. त्यांनी गाजरे लांब कापली, तीही सुंदर, एकसारखी, आणि शेवटचे गाजर माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "ताटात शोभतं खरं." मी त्यांना पूर्ण गुण दिले. त्यांनी मला एक गुण कमी दिला होता, टोपी तिरपी होती म्हणून. मी हे मनात ठेवलेले नाही; फक्त नोंदवून ठेवले आहे.

शनिवारीच संध्याकाळी निरीक्षकाने दोन्ही प्रमाणपत्रांवर खात्याचे शिक्के मारून दिले. सोमवारी माझ्या मुलांची रांग लागली. कढई चढली होती, माझ्या हातात डाव होता, आणि मी रेघेच्या योग्य बाजूला होते. ठेकेदाराची खोकी व्हरांड्यातून निघत होती. एवढ्यात दारात निरीक्षक आला, हातात फाइल, चेहरा नेहमीसारखा.

"तपासणीला आलोय," असे म्हणून त्याने पाय उचलला.

मी डाव आडवा धरला. "प्रमाणपत्र?"

"बाई, मी निरीक्षक आहे."

"स्वयंपाकघरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने. मग ती भांडी घासणारी असो की प्रमुख असो. निरीक्षक वगळल्याचं मला कुठे आढळलं नाही. तुम्हाला आढळलं?"

त्याने पाय हवेतच ठेवून फाइल चाळली. रांगेतली मुले ताटे हातात धरून फार आवडीने पाहत होती. मग त्याने पाय परत मागे ठेवला, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. मला वाटते, ते हसू असावे. नवखे होते, पण खरे होते.

"मग मी काय करू?"

"एकच दिवसाचं प्रशिक्षण असतं."

"तुमच्या केंद्रात येऊ?"

मी त्याच्या हाताकडे पाहिले. नव्या लग्नाची अंगठी बोटात चांगलीच घट्ट रुतली होती.

"नको. आमच्या विहीणबाईंकडे जा," मी सांगितले. "त्यांच्यासारखं शिकवणारं या शहरात दुसरं कोणी नाही."

तो गेला. मी डाव कढईत घातला आणि पहिल्या ताटात वाढले. गाजरे गोल होती. ती लवकर शिजतात म्हणून. दुसरे काही नाही.